पाच टक्के कुठं जातात?

मार्च जवळ आला की आमच्या ग्रामपंचायतीला दिव्यांग आठवतात. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी त्यांच्यावर खर्च करायचा असतो ना! मग घाईघाईनं यादी निघते, माणशी हजार-दोन हजारांचे चेक वाटले जातात, फोटो होतो. एप्रिलपासून परत सगळं जैसे थे.

पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही. ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची खात्री नाही, तिथं हजार रुपयेही मोठेच. पण इतकी वर्षं वाटप करून गावातल्या किती जणांचा रोजगार उभा राहिला?

आमच्या आळीतल्या एका ताईंचे दोन्ही पाय पोलिओनं गेले. हात मात्र शिवणकामात तरबेज. एका योजनेतून त्यांना शिलाई मशीन मिळालं, तेही पायानं चालवायचं! ते दोन वर्षं कोपऱ्यात पडून होतं. शेवटी आम्ही चौघांनी वर्गणी काढून मोटर घेतली, गावातल्याच मिस्त्रीनं हातानं दाबायचं बटण बसवून दिलं. आज ताईंकडे लग्नसराईत ब्लाउजची रांग असते. अडलं होतं ते हजार-दीड हजारावर, आणि 'तुम्हाला काय जमेल?' एवढं विचारण्यावर.

आता ताईंना दुसरीच धास्ती. कमाई दिसली तर 'संजय गांधी'चे पैसे बंद होतील का? दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला ५० हजार. म्हणजे अख्ख्या घराला महिन्याला चार हजारांच्या आसपास. अनुदान आता अडीच हजार झालंय, चांगलंच आहे. पण जरा कमावलं की तेच जाणार असेल, तर माणूस कमाई लपवणार, नाहीतर काम करणंच टाळणार. ही मर्यादा वाढवायलाच हवी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं गरिबी निर्मूलनाच्या सगळ्या योजनांत ५ टक्के आरक्षण दिलंय, त्यातही महिलांना प्राधान्य. म्हणजे हा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

मंडळी, १ मेच्या ग्रामसभेला जाणार असाल तर एवढं मांडा: निधीचं नियोजन वर्षाच्या सुरुवातीलाच करा. प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याला कोणतं काम करायचंय ते विचारा. त्याच्या शरीराला झेपेल असं साधन द्या. पंचायतीच्या गाळ्यांत जागा द्या, शाळेच्या गणवेशाचं काम मिळवून द्या.

आणि गेल्या वर्षीच्या ५ टक्क्यांचा हिशोब नोटीस बोर्डावर लावायला सांगा. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, कमेंटमध्ये लिहा.