धनुष्य विकत घेताना



आजचा विषय वाचून काही जणी कपाळाला हात लावतील. जैनांच्या घरात धनुष्य! पण आमच्या घरात ते आलं आहे, आणि ते निवडण्यात माझाही हात आहे. म्हणून सगळं नीट सांगते.

माझी नात बारा वर्षांची. मुलगा-सून साताऱ्यात राहतात, आणि साताऱ्यात सध्या कुठल्याही मुलीला तिरंदाजीचं वेड लागलं तर नवल नाही. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत याच गावची आदिती स्वामी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली, तीही सतराव्या वर्षी. त्याच स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद नागपूरच्या ओजस देवतळेनं मिळवलं. टोकियो ऑलिम्पिकला गेलेला प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. हे सगळं नातीला तोंडपाठ. तीन महिने तिनं प्रशिक्षकांकडच्या धनुष्यावर सराव केला, मग घरात विषय निघाला, "आज्जी, मला माझं हवं."

मुलगा लगेच तयार झाला. सून माझ्याकडे बघत राहिली. आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, ज्या प्रतिमाधारी आहेत आणि ज्यांच्या शब्दाला आमच्याकडे मान आहे, त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "हिंसादान म्हणजे काय, ते श्रावकाचारात वाच आणि मग काय ते ठरव."

वाचलं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातला एक हिंसादान, म्हणजे वधाची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. त्या यादीत तलवार आहे, कुऱ्हाड आहे, शस्त्रं आहेत. पण कुदळही आहे आणि अग्नीही आहे. मी तिथे थांबले. कुदळ तर परसात आहे, अग्नी रोज गॅसवर आहे, विळी माझ्या हातातली. वस्तू कोणत्या हेतूनं दिली जाते, याकडे आचार्यांचं लक्ष आहे असं मला वाटलं. गृहस्थानं संकल्पी हिंसा सोडायची असते. गोल कागदावर बाण मारण्यात कुणाच्या प्राणांचा संकल्प नाही. आपल्या पद्मपुराणात रामानं वज्रावर्त धनुष्याला दोरी चढवली, तरी रावणाचा वध त्याच्या हातून झाला नाही. तो लक्ष्मणानं केला. लहानपणी सासऱ्यांकडून ही कथा ऐकताना मुलं विचारायची की मग रामानं धनुष्य उचललंच का. आता तोच प्रश्न माझ्यापुढे आला.

नणंदबाईंना हे सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, "तुझं वाचन तुझ्यापाशी." त्यांचं म्हणणंही हलकं नाही. आज कागद आहे, उद्या हात सरावला की कबुतर दिसेल, अशी त्यांची भीती. मुलांच्या हातात गलोल आली की काय होतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. म्हणून खरेदीच्या आधी नातीनं मंदिरात नियम घेतला: जिवंत प्राण्यावर, गंमत म्हणूनही, बाण रोखायचा नाही, आणि मैदानाबाहेर धनुष्याला दोरी चढवायची नाही.

आता खरेदीकडे येते. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, तरी पैसे खर्चायचे म्हटलं की मी वही काढते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रकार. नातीला आदितीसारखं कंपाउंड हवं होतं. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. पूर्ण ओढल्यावर त्या चाकांमुळे हातावरचा भार बराच कमी होतो, त्यामुळे नेम धरून उभं राहता येतं. हे यंत्र अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या हॉलेस अॅलन यांनी शिकारीसाठी बनवलं, 1969 साली त्याचं पेटंट मिळालं. आज त्यावर स्पर्धा होतात, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे. पण इंटरनेटवर शोधायला बसा, समोर येतात ती बहुतेक शिकारीची धनुष्यं. झाडाच्या पानांसारखे हिरवे-तपकिरी ठिपके, आणि सोबत पात्यांचं टोक असलेले बाण. ते टोक मांस कापण्यासाठीच असतं. स्पर्धेच्या बाणाचं टोक साधं, गोळीसारखं. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तरी या वस्तूंच्या जाहिराती सर्रास दिसतात. आईवडिलांनी हा फरक ओळखायला शिकावं. मी तर ते पान लगेच बंद केलं.

प्रशिक्षकांनी कंपाउंडला सध्या नाही म्हटलं. आधी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, कारण त्यात ओढ शेवटपर्यंत स्वतःच्या खांद्यानं सांभाळावी लागते. बांबूचं भारतीय धनुष्यही होतं. ते सर्वांत स्वस्त, आपल्याकडची कितीतरी मुलं त्यावरच शिकतात, आणि ज्यांना नुसतं शिकून बघायचं आहे त्यांनी तेच घ्यावं असं माझं मत आहे. पण नात तीन महिने रिकर्व्हवर रुळली होती.

मग मापं. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत माप घ्यायचं आणि इंचात अडीचनं भागायचं. नातीचे 60 इंच भरले, म्हणजे ओढ 24 इंच. त्यावरून 64 इंची धनुष्य ठरलं. नंतर डोळा. हे मला अगदी नवीन होतं. दोन्ही हात पुढे करून तळव्यांचा छोटा त्रिकोण करायचा, त्यातून दूरची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू जागेवर राहते तो प्रमुख. उजव्या हातानं लिहिणाऱ्या माझ्या नातीचा डावा डोळा प्रमुख निघाला! तीन महिने ती उजव्या हातानं ओढत होती आणि नेम का सरकतो म्हणून चिडत होती. आता डाव्या हातानं ओढायचं, धनुष्य उजव्या हातात. अशी धनुष्यं दुकानात कमी असतात, मागवावी लागली, दीड महिना गेला. पण घाईनं उजवं घेतलं असतं तर पुढची कितीतरी वर्षं तिनं डोळ्याशी भांडण केलं असतं.

भार पौंडात मोजतात. धनुष्यावर लिहिलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. ओढ कमी असली की इंचामागे साधारण दीड-दोन पौंड भार कमी लागतो. म्हणून 20 पौंड लिहिलेलं धनुष्य नातीच्या हातात तेरा-चौदाच्या आसपास येतं. तिच्या वयाला तेवढा पुरे. मुलगा म्हणत होता, थोडं जड घेऊ, वाढत्या अंगाचं आहे. फ्रॉक मोठा घेतला तर दुमडता येतो, जड धनुष्यानं खांदा दुखावतो. प्रशिक्षकांनीही तेच सांगितलं.

इथे माझं कॉमर्स कामाला आलं. लाकडी जोडणीचं धनुष्य स्वस्त, पण मूल वाढलं की सगळंच बदलायची वेळ येऊ शकते. दुसऱ्या पद्धतीत मधला धातूचा भाग, रायझर, महाग असतो. त्याला आयएलएफ नावाची ठरलेली खाच असली की त्यात कुठल्याही कंपनीच्या तशाच खाचेच्या पात्या, म्हणजे लिंब, बसतात. रायझर आठ-दहा वर्षं टिकेल, पात्या दर दीड-दोन वर्षांनी बदलायच्या, जुन्या विकता येतात. वहीत एका बाजूला स्थावर मालमत्ता, दुसऱ्या बाजूला घसारा मांडला. पाच वर्षांचा हिशेब केल्यावर महाग वाटणारं धनुष्यच स्वस्त पडलं. आम्ही 23 इंची रायझर आणि आखूड पात्या घेतल्या.

आता आपल्या कामाचा भाग, जो दुकानदार आपणहून सांगत नाही. पूर्वीची धनुष्यं शिंग, स्नायू आणि माशापासूनचा गोंद वापरून करत. कोरियाचं पारंपरिक धनुष्य तसंच असतं. आजच्या पात्यांमध्ये लाकूड किंवा फोम, वर फायबरग्लास वा कार्बन, त्यामुळे तिथे अडचण नाही. दोरी पॉलिएस्टरची. पण बोटांवरची टॅब बहुतेक चामड्याची, हातावरचं आर्मगार्डही कधी चामड्याचं, भातासुद्धा. बाणाची पिसं काही ठिकाणी खरी टर्कीची असतात. आणि दोरीला लावायचं मेण अनेकदा मधमाश्यांचं! मध न खाणारे आपण, मेण तळहाताला फासायचं? मी दुकानदाराला एकेक वस्तू विचारली. त्याला आधी हसू आलं, मग त्यानंच कृत्रिम मेण, प्लॅस्टिकची पिसं, कापडी भाता आणि कृत्रिम चामड्याची टॅब शोधून दिली. टॅब जरा जाड आहे, नातीची कुरकुर चालू असते.

मैदानावर टार्गेट पेंढ्याचं होतं. पावसाळ्यात त्यात किडे होतात, म्हणून मी फोमच्या टार्गेटबद्दल विचारलं. प्रशिक्षकांकडे एक होतं, ते त्यांनी मुलांसाठी लावलं. मागे जाळी असते, त्यामुळे चुकलेला बाण गवतात जात नाही. आणखी एक, बाण न लावता दोरी सोडायची नाही, पात्या तडकतात. घरातल्या धाकट्यांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

एकाग्रता वाढते, हे सामायिकासारखंच, असं काही जणी मला म्हणाल्या. मी तसं म्हणणार नाही. सामायिकात हाव नसते, इथे दहाच्या वर्तुळाची हाव आहे. मागच्या रविवारी मैत्रिणीचे गुण जास्त आले तर नात जेवली नाही. मला कागदावरच्या भोकांपेक्षा त्या न जेवण्याची काळजी जास्त वाटते, आणि त्याबद्दल आमचं रोज थोडं बोलणं होतं. सरावाची वेळही आम्ही सकाळची मागून घेतली, नाहीतर सूर्यास्ताआधीचं जेवण राहून जायचं.

नणंदबाई पर्युषणाला येणार आहेत. त्यांनी कळवलं आहे की देवघराच्या भिंतीला ते टांगलेलं नको. धनुष्य सुटं करून त्याच्या पिशवीत, शिलाई मशीनच्या मागच्या कपाटात ठेवलं आहे. दिवाळीनंतर 22 पौंडांच्या पात्या घ्यायच्या आहेत, डाव्या हाताच्या मुलीला जुन्या 20 च्या हव्या असतील तर कळवा, पात्यांना उजवं-डावं नसतं, कुणालाही चालतील.