हात मोकळा हवा

काशीत राहायचं म्हणजे पायऱ्यांशी जमवून घ्यावं लागतं. आमचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिना दगडी, अरुंद, आणि भरदुपारीही अंधारा. गल्लीत उतरलं की पुन्हा पायऱ्या, आणि घाटावर तर विचारूच नका. लग्न होऊन मी पुण्याहून या घरात आले त्याला आता बत्तीस वर्षं झाली. तेव्हा ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी घरं आजच्याहून जास्त होती आणि वीज आजच्याहून पुष्कळ कमी. दिवे गेले की "गेली!" असा एकच आवाज गल्लीभर उठायचा आणि घरोघर बॅटरी शोधायची धांदल उडायची.

बॅटरी सापडली तरी प्रश्न सुटत नसे, कारण ती धरायला कोणीतरी लागायचं. फ्यूजची तार बांधायची असो, पोळ्या लाटायच्या असोत की मोरीत शिरलेली घूस हाकलायची असो, घरातली धाकटी मुलगी बॅटरी धरून उभी. मुलगाच का नाही, हे कोणी विचारत नसे. माझी नणंद म्हणते, "दहावीच्या वर्षी मी अभ्यास कमी केला आणि उजेड जास्त दाखवला!" जरा हात कलला की "अगं, इकडे धर, इकडे!" असा ओरडा बसायचा.

विजेरीचं अमेरिकेतलं पेटंट १८९९ सालचं. पण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं तिचं घरगुती रूप तेच राहिलं. मुठीत धरायची नळी, आत दोन-तीन जाडजूड सेल. उजेड मिळे, पण एक हात गहाण पडे.

ज्यांचं दोन्ही हातांवाचून चालतच नव्हतं त्यांनी मात्र दिवा डोक्यावर चढवला. माझे एक मामेसासरे धनबादच्या कोळसाखाणीत होते. इंग्लंडात १८१५ साली हंफ्री डेव्हीने खाणीसाठी सुरक्षित दिवा बनवला, तो हातात न्यायचा होता. मामांच्या काळात दिवा टोपीवर आणि त्याची वजनदार बॅटरी कमरेच्या पट्ट्याला असे. खाली उतरताना दिवे ठेवायच्या खोलीतून आपल्या नंबरचा दिवा घ्यायचा, वर आल्यावर परत ठेवायचा. पाळी संपल्यावर कुणाच्या दिव्याची जागा रिकामी दिसली, तर तो माणूस अजून खाली आहे हे लगेच कळायचं. मामा हे सांगायचे तेव्हा मामी उठून आत जायच्या.

(वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका काशीत मी कितीदा पाहिल्या. त्यांच्या डोक्यावरचा उजेड मात्र नवरदेवासाठी.)

खाणीतला हा दिवा आमच्या घरात आला तो माईंमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. माई आज एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. कोजागरीनंतर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटे पंचगंगेवर कार्तिकस्नान, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. पंचगंगेला त्या महिन्यात उंच बांबूंना दोऱ्यांनी टोपल्या बांधून त्यांत आकाशदिवे लावतात. पितरांना वाट दिसावी म्हणून. दृश्य फार सुंदर असतं, पण त्या उजेडात आपल्या पायाखालची पायरी दिसत नाही. शिवाय पावसाळ्यात गंगा घाटावर चढते आणि ओसरताना पायऱ्यांवर गाळ ठेवून जाते. तो पंपाने धुऊन काढतात, तरी सांदीकोपऱ्यात निसरडं उरतंच.

तीन वर्षांपूर्वी माईंचे गुडघे कुरकुरू लागले आणि हातात काठी आली. त्याच वर्षी शेजारच्या घरातल्या आजी पहाटे घाटावर घसरल्या. खुबा मोडला आणि त्या पुन्हा घराबाहेर पडल्याच नाहीत. आमच्याकडे लगेच बैठक बसली. माझे यजमान आणि दीर, दोघांनी एकमुखाने सांगितलं, "आई, आता घरीच. बादलीत गंगाजळ घालून अंघोळ कर, तेवढंच पुण्य." माई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या मात्र निम्म्याच.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "अगं, काठी एका हातात, तांब्या आणि सुकं लुगडं दुसऱ्या हातात. बॅटरी कुठे धरू? मला काय अष्टभुजा समजलीस?" मग मी बरोबर येते म्हटलं, तर तेही नको. "तू हात धरलास की मी तुझ्या चालीने चालते, आणि तिथेच तोल जातो."

तेवढ्यात पुण्याहून माझा भाचा आला. सह्याद्रीत रात्रीबेरात्री किल्ले चढणारा. त्याने पिशवीतून कपाळाला बांधायचा दिवा काढला आणि माईंच्या डोक्यावर चढवला. पदराखालून तो पट्टा घसरे, पदरावरून बांधला तर पदर ओढला जाई, आणि चष्म्याच्या काड्या टोचत. "खाणीत निघालेय का मी?" म्हणत त्यांनी तो काढून ठेवला. तरी एका पहाटे भाच्याने स्वतः तो लावून घाट उतरून पाहिला आणि विचारात पडून परत आला. म्हणाला, "मामी, डोळ्यांच्या रेषेतून उजेड पडला की सावल्या दिसत नाहीत. पायरीची कड कुठे संपते ते कळत नाही." पुढे धुक्याच्या दिवसांत मीही हे अनुभवलं. कपाळावरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. दिवा छातीशी किंवा कमरेशी असला तर सावली पडते, कड उठून दिसते, आणि धुकंही कमी त्रास देतं.

म्हणून त्याने दुसरा प्रकार मागवला. गळ्यात अडकवायची लवचीक कमान, दोन्ही टोकांना बारीक दिवे. वजन मंगळसूत्राहून थोडं जास्त, पण टोचत नाही. असा हलका दिवा आमच्या लग्नाच्या वेळी मिळणंच शक्य नव्हतं. पांढरा उजेड देणारा एलईडी १९९०च्या दशकात आला. तो ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाला, त्याच्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळालं. त्यातल्या चिमुकल्या लिथियम सेलचं नोबेल २०१९चं. माईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, पण बटण मोठं करायला हवं होतं."

घ्यायचा असेल तर एवढं बघा. पायी चालायला पन्नास ते शंभर ल्यूमेन पुरतात. दुकानदार हजाराचा आकडा दाखवेल, तो समोरच्या माणसाचे डोळे दिपवायलाच. म्हणून दिवा खाली वळवता यायला हवा. पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव होईल असं लिहिलेलं बघा, आणि बटण ओल्या बोटांनी दाबून पाहा. साध्या सेलवर चालणारा असेल तर महिनोन्‌महिने पडून राहणार असताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात. चार्ज होणारा असेल तर तो उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांत बंद गाडीची भट्टी होते. दिराच्या गाडीत आम्ही साध्या सेलचा, लोहचुंबकावर चिकटणारा दिवा ठेवला आहे. टायर बदलताना तो पत्र्याला चिकटवून दोन्ही हात पान्याला लावता येतात, आणि आता वहिनींना पावसात उजेड धरून उभं राहावं लागत नाही.

माई त्या कार्तिकात गेल्या. पहिल्या दिवशी दोन्ही मुलगे वीस पायऱ्या मागे राहून, आपण नसल्यासारखे चालत होते. माईंनी उजव्या हाताने काठी टेकली, डावा हात भिंतीला लावला, तांब्या आणि लुगडं पिशवीत घालून खांद्याला अडकवलं होतं. गळ्यातला उजेड एकेका पायरीवरून खाली सरकत होता. पाण्यापाशी पोचल्यावर त्यांनी दिवा विझवला आणि मागे न बघता म्हणाल्या, "आता या खाली. एवढे आलाच आहात तर तुम्हीही बुडी मारा."

गेल्या वर्षी त्यांनी आणखी दोन दिवे मागवले. एक ब्रह्माघाटावरच्या त्यांच्या मैत्रिणीला, आणि दुसरा आमच्या नावाड्याला. तो दोन्ही हातांनी वल्ही मारतो आणि बॅटरी दातांत धरतो, हे त्यांनी कधीपासून बघून ठेवलं होतं.