शिळा कोणी वाहिल्या?

आयर्लंडमधील न्यूग्रेंजची पाषाणसमाधी सुमारे ५२०० वर्षांपूर्वीची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी. तिच्या पायथ्याभोवती ९७ प्रचंड शिळा आहेत. वर्षातील सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण चिंचोळ्या मार्गाने थेट आतल्या दालनात पोहोचतो. डिसेंबर १९६७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली यांनी तो आत थांबून पाहिला.

हे शिकविताना आम्ही अनेक वर्षे त्या किरणापाशीच थांबत असू. मग एकदा आमचे आजोबा आठवले. धरणासाठी त्यांनी दगड फोडले. कोनशिलेवर नाव मात्र मंत्र्यांचे. त्या दालनातही मोजकीच माणसे मावतात. शिळा ओढणारे बहुतेक जण बाहेरच उभे राहिले असतील.

तेव्हापासून आम्ही वर्गात किरणाआधी शिळांविषयी विचारतो. विद्यार्थी मित्रहो, कोणतीही वास्तू पाहताना तुम्हीही हेच आधी विचारा.