आधी खड्डा, मग उतार

सातारा

प्रिय मैत्रिणीस,

इन्सब्रुकहून तुझं पत्र आलं. लिफ्टच्या रांगा सोडून तू आता स्कीच्या तळाला बर्फावर पकड देणारी स्किन चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढतेस आणि कुणी न तुडवलेल्या बर्फावरून उतरतेस, हे वाचून फार आनंद झाला. हिमस्खलनाच्या धोक्याबद्दलचं एक वाक्य मात्र खटकलं: ‘इशारा तीनच होता, पाचपैकी.’ अगं, तीन म्हणजे मधला म्हणून बरा, असं नसतं. आल्प्समध्ये स्कीवाल्यांचे सर्वाधिक जीव तीनच्या दिवसांतच जातात. चार-पाचला लोक घरीच थांबतात ना!

तू सांगलीची. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे तुला काय सांगायचं! पण आकडा कळल्यावर सांगलीकर आपली गल्ली किती उंचीवर आहे हेही बघतोच की. तुमच्या टिरोलचं हिमस्खलनाचं पत्रक तसंच आहे. कुठल्या उंचीवर, कुठल्या दिशेच्या उतारांवर जपायचं एवढं ते सांगतं. तुझ्या पायाखालच्या उताराचं तुलाच बघावं लागतं.

गुलमर्गला अफरवाटच्या टूरवर आमच्या प्रशिक्षकांनी वाटेतच फावडी काढायला लावली. छातीइतका खड्डा खणला, भिंत साफ केली आणि म्हणाले, आता हात लावून बघा. वरच्या ताज्या बर्फात मूठ सहज शिरली. त्याखाली एक बोट, तेही जोर लावून. जमिनीलगत मात्र पुन्हा मूठ आत! तिथले दाणे हातात घेतले, तर मोठे, टोकदार, सुटे. कितीही दाबले तरी गोळा होईना. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि वर हवा कडाक्याची थंड. या फरकामुळे आतली वाफ वर सरकते, दाणे वाढतात आणि त्यांची एकमेकांवरची पकड जाते. पुढे त्यावर कितीही बर्फ पडला तरी तो कच्चा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो.

मग 30 सेंटिमीटरचा चौकोनी खांब कापला, वर फावड्याचं पातं ठेवलं. मनगटातून दहा थापा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, अशी ती रीत. कोपराच्या थापा सुरू होताच अख्खा खांब त्या दाण्यांवरून एकसंध सरकून पुढे आला. कुणी काही बोललं नाही. ठरलेला उतार सोडून आम्ही 30 अंशांच्या आतल्या सोंडेनं खाली आलो. त्याच अफरवाटवर 1 फेब्रुवारी 2023 ला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीवाले गेले.

खड्ड्यात काही वावगं दिसलं नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नकोस. दहा पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा खोल आवाज आला, स्कीपुढे भेग धावली, तर खणायचीही गरज नाही. वळायचं.

आमच्या सातारा जिल्ह्यानं हिमस्खलनाची झळ सोसली आहे. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनच्या सोनम चौकीवर, 19,600 फुटांवर, दहा जवान गाडले गेले. त्यांत माण या दुष्काळी तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. तिथे बर्फाची भिंतच कोसळली होती. थर सुटून सरकणं म्हणजे काय, ते मात्र आमच्या पाटण तालुक्यानं जुलै 2021 मध्ये बघितलं. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अतिवृष्टीचं पाणी मुरत गेलं आणि वरची माती खालच्या कातळावरून सुटली. मला त्या गावांची आठवण येते ती यासाठी की त्या लोकांना मागे फिरायची सोयच नव्हती; उताराखाली त्यांची राहती घरं होती. तुला ती सोय दर रविवारी आहे. ती वापर.

गाडलेल्याचा ठाव सांगणारा बीकन, बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत, एकटीनं जायचं नाही आणि धोक्याचा उतार एकेकानंच पार करायचा. कुणी गाडलं गेलंच तर पहिली दहा-पंधरा मिनिटं हातात असतात, आणि तेवढ्यात बाहेरून मदत पोचत नाही. सोबत्यांबरोबर बीकन शोधायचा सराव झाला का, ते आधी कळव.

तुझी,
साताऱ्याची मैत्रीण