समोर येऊन बोला

वांगणीला उतरणाऱ्या गर्दीत पांढऱ्या काठ्या बऱ्याच असतात. कर्जतच्या मार्गावर बदलापूर मागे पडलं की हे स्टेशन येतं. अंबरनाथ तालुक्यातलं हे गाव बाहेरच्या जगाला अंधांची वस्ती म्हणून माहीत आहे. मुंबई-ठाण्यात खोलीचं भाडं परवडेना, तसं एकेक दृष्टिहीन कुटुंब इकडे येत गेलं. आधी आलेल्यांनी ओळखीच्यांना बोलावलं आणि आज अशी शेकडो घरं इथे आहेत. बहुतेकांचा धंदा लोकलमध्ये. नेलकटर, पासची पाकिटं, किचेन, कानकोरणी. 2020मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा या घरांमधली कमाई एका दिवसात थांबली. गाडी कुठे थांबली, दार कोणत्या बाजूला उघडलं, डब्यात गर्दी किती, गिऱ्हाईकानं दिलेली नोट किती रुपयांची आहे म्हणून तो सांगतोय, सगळी भिस्त कानावर.

या माणसांच्या शेजारात मी राहतो आणि माझे कान अधू आहेत. डावा जास्त, उजवा जरा बरा. दोन्हींत दिवसरात्र एक बारीक, उंच शिट्टी वाजत असते.

माझी उमेदीची वर्षं गेली ती अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, पॉवर प्रेसच्या शॉपमध्ये. तिथे आवाज 95 डेसिबलच्या पुढे सहज जातो. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करणं जेमतेम सुरक्षित धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा असतो. म्हणजे 88ला चार तास, 91ला दोन. आम्ही पूर्ण पाळी करायचो, वर ओव्हरटाइम. पाळी सुटल्यावर कान बधिर व्हायचे, सकाळी पुन्हा मोकळे वाटायचे, आणि मोकळे वाटले म्हणजे बरे झाले असं सगळेच समजायचे. आवाजामुळे येणारा बहिरेपणा 1948च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात कळवण्याजोग्या आजारांत नोंदलेला होता. शॉपमध्ये हे कुणी कधी बोललं नाही. बोट तुटलं तर रक्त दिसतं, अपघाताच्या वहीत नोंद होते. कान जातो तेव्हा कामगाराला दुखतसुद्धा नाही.

आत घडतं ते असं. कानाच्या शंखाकृती पोकळीत जन्माच्या वेळी साधारण पंधरा-सोळा हजार रोमपेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्या हलतात आणि त्या हालचालीचे विद्युतसंकेत मेंदूकडे जातात. पोकळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आणि सहसा मार पहिल्यांदा त्यांनाच बसतो. कोंबडीच्या कानात मेलेल्या रोमपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत. एखाद्या पट्टीतला मजकूर येणं थांबलं की मेंदू आपल्याकडून आवाज वाढवत नेतो आणि स्वतःच्याच चेतातंतूंमधली खळबळ त्याला शिट्टी म्हणून ऐकू येते, असं आज बहुतेक संशोधक मानतात. 1953मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी कानांची काही तक्रार नसलेल्या 80 माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं होतं. त्यांतल्या 94 टक्के माणसांना बाहेर काहीही वाजत नसताना कसला ना कसला आवाज ऐकू आला. म्हणजे खळबळ सगळ्यांच्याच आत आहे. निरोगी कानाच्या माणसाला ती बाहेरच्या जगाच्या आवाजाखाली दबलेली असते.

उंच पट्टी गेल्याचा परिणाम जितका भाषेवर होतो तितका आवाजावर होत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट येतात. स, श, फ, थ अशी व्यंजनं वरच्या पट्टीत, तीच गळतात. भाजीवाली 'साठ' म्हणते, मला 'आठ' येतं. 'सात' आणि 'हात' माझ्यासाठी एकच. त्यामुळे बहिऱ्या माणसाचं खरं वाक्य 'ऐकू येत नाही' हे नसून 'ऐकू येतं, कळत नाही' हे आहे. घरच्यांना ते पटत नाही. पंख्याचा बारीक खडखडाट कळतो, मग सुनेचं बोलणं कसं कळत नाही? मग ती ओरडून बोलते. ओरडल्यानं स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग दिसू लागतो. अशा दोन-चार प्रसंगांनंतर माणूस विचारणं सोडतो. मान हलवतो, हसायच्या जागी हसतो. लग्नात कोपऱ्यातली खुर्ची धरतो. त्याचं गप्प होणं लोक स्वभाव म्हणून धरून चालतात. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे फार होतं आणि त्याची किंमत मोठी आहे. ऐकणं कमी होणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखीम-घटकांपैकी एक आहे, असं 'लॅन्सेट'च्या आयोगानं 2020मध्ये आणि पुन्हा 2024मध्ये नोंदवलं आहे.

डावा कान जास्त गेल्यामुळे आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे दिशा. आवाज एका कानाला आधी पोहोचतो, दुसऱ्याला नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तेवढ्यावर आणि दोन कानांतल्या लहान-मोठेपणावर मेंदू सांगतो, उजवीकडून येतंय की डावीकडून. एक कान मंद झाला की हा हिशेब मोडतो. मागून हाक आली तर मी भलतीकडे वळतो. फलाटावर भोंगा ऐकू येतो, पण गाडी कर्जतकडून येतेय की कल्याणकडून हे मान वळवून पाहावं लागतं. मला पाहता येतं म्हणून निभावतं.

ज्यांना पाहता येत नाही त्यांच्यासाठी दिशा म्हणजे काय, हे या स्टेशननं सगळ्या देशाला दाखवलं. 17 एप्रिल 2021. फलाट क्रमांक दोनवर एक दृष्टिहीन आई आपल्या मुलाला घेऊन चालली होती. कडेला जाऊन मूल रुळांवर पडलं आणि समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेनंच धावत गेले, मुलाला वर ठेवलं, आणि स्वतः चढले तेव्हा गाडी अगदी अंगावर आली होती. मिळालेल्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी दिली. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहून आलं आणि ते योग्यच होतं. त्या प्रसंगाचं कॅमेऱ्यातलं चित्रण पाहताना माझी नजर मात्र त्या आईवर खिळते. ती फलाटाच्या कडेला बसून हात फिरवते आहे. मूल खाली गेलंय हे तिला कळलंय, गाडी येतेय हेही कळलंय. नेमकं कुठे, एवढंच सापडत नाहीये. गाडीच्या धडधडाटात एका पोराचा आवाज वेगळा काढणं धडधाकट कानांनाही जड असतं. वांगणीतल्या कुणा दृष्टिहीन बाईचे कान उद्या माझ्यासारखे झाले तर, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक ताई राहतात, जन्मापासून अंध. लोकलमध्ये पाकिटं विकतात. आमच्या बोलण्यातली अडचण विचित्र होती. मला कळायला त्यांचे ओठ दिसावे लागतात आणि त्यांना मी त्यांच्याकडे पाहतोय की नाही हे दिसत नाही. शिवाय संध्याकाळी त्या दिवा लावत नसत, त्यांना गरज काय? अंधारात त्या बोलत असायच्या आणि मी नुसता हुंकार देत असायचो. एकदा त्या मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "काका, तुमचा आवाज भिंतीवर जाऊन येतोय. इकडे तोंड करा ना." मी कुठे तोंड करून बोलतोय हे त्यांना आवाजावरून कळत होतं! तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की मला ऐकायला कमी येतं, तुमचे ओठ दिसले तर कळतं. त्या म्हणाल्या, "मग हे आधी सांगायचं नाही का? आम्ही तर काठी हातात धरूनच घराबाहेर पडतो."

त्या दिवसापासून आमची रीत ठरली. त्या आल्या की पहिल्यांदा माझ्या दंडाला हात लावतात, मग मी 'हं' म्हणतो, त्या 'हं'च्या रोखानं त्या आपला चेहरा इतका नेमका समोर आणतात की डोळस माणसालाही तसं जमत नाही. दिव्याचं बटण त्यांनीच स्वतः शोधून ठेवलंय. आकडे त्या तळहातावर बोटानं लिहितात. माझ्याशी सगळ्यांत नीट बोलणारं माणूस वांगणीत कोण, असं विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन.

काठी हातात धरून बाहेर पडणं, हे त्यांचं बोलणं मला लागू पडलं. बहिरेपणाला काठी नाही. तो सांगितल्याशिवाय समोरच्याला दिसत नाही आणि आपण तो लपवतो. चष्मा लावायला कुणी लाजत नाही, श्रवणयंत्र मात्र केसांखाली दडवतात, नाहीतर कपाटात ठेवून देतात. मी माझं यंत्र उघड लावतो. पहिले काही दिवस जीव नकोसा झाला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुर, मोहरीची तडतड, स्वतःच्या चपलेचा आवाज, सगळं अंगावर यायचं. मेंदूला ते पुन्हा शिकायला वेळ द्यावा लागतो, आणि यंत्र टाकून देणारे बहुतेक जण नेमके याच काळात टाकून देतात. पावसाळ्यात वांगणीची हवा इतकी दमट असते, की रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. सकाळी झाकण उघडून बॅटरीचं दार लावलं की छोटासा सूर येतो, आणि शिट्टी थोडी मागे सरते. बाहेरचे आवाज परत आले की आतला आवाज दबतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

रात्र मात्र अवघड. वांगणीजवळच्या नेसरळला खगोल मंडळाची माणसं आकाशदर्शनाला येतात, कारण इथे मुंबईचा उजेड फारसा पोहोचत नाही. आवाजही पोहोचत नाही. शहरातला माणूस या शांततेसाठी आसुसलेला असतो, आणि मला तीच नको असते. पावसाळ्यात बरं असतं. पत्र्यावरचा पाऊस, उल्हास नदीचा लोंढा, शेतातले रातकिडे, यांत माझा रातकिडा हरवून जातो. थंडीत तो एकटा उरतो. म्हणून उशाशी पंखा चालू ठेवतो, नाहीतर रेडिओ अगदी हळू.

एका नातेवाइकांनी मला समजावलं होतं, की हा अनाहत नाद आहे, तू भाग्यवान. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अनाहताचा उल्लेख येतो, तो मी श्रद्धेनं वाचलेला आहे. पण योग्याला साधनेनं मिळतं ते आणि प्रेसनं कामगाराच्या कानात ठेवून दिलेलं, हे एक नव्हे. सुश्रुतानं कानाचे 28 रोग सांगितले, त्यांत कर्णनाद आणि बाधिर्य या दोघांनाही रोगांतच जागा दिली आहे. रोग म्हटलं की माणूस उपाय शोधतो, भाग्य म्हटलं की सोसत राहतो. हा आवाज पुसून टाकणारी गोळी आज नाही. तशी जाहिरात करणाऱ्याला पैसे देऊ नका. आवाजाची भीती कमी करणारं समुपदेशन, श्रवणयंत्र आणि झोपताना मंद पार्श्वध्वनी, यांचा उपयोग होतो. मेंदू ज्याला धोका समजत नाही त्याच्याकडे हळूहळू लक्ष देईनासा होतो. माझं तसं झालं, पुष्कळ उशिरा.

कायद्याचं माप निराळं आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची हानी असेल तर ऐकू कमी येणारा, 70 किंवा त्याहून जास्त असेल तर बहिरा. माझा उजवा कान यात बसत नाही. कानातल्या शिट्टीचं त्या यादीत नावही नाही. डोळस माणसासाठी हे माप एक वेळ चालेल. पण दृष्टी नसलेल्या माणसाची 40 डेसिबलची हानी आणि माझी 40 डेसिबलची हानी सारखी कशी मोजायची? मी गाडी पाहू शकतो. त्यांच्या हिशेबात एवढ्यानं फलाटाची कड हलते.

म्हणून काही गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर ती तातडीची वेळ आहे. मळ असेल म्हणून तेल घालत आठवडा काढू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. औषधाचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांत. शिट्टी एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठेक्यावर वाजत असेल तर तपासणी टाळू नका. क्षयाची किंवा इतर जंतुसंसर्गाची काही इंजेक्शनं कानावर परिणाम करतात, ती सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983पासून आहे. तिथे कानांची रीतसर तपासणी होते.

आणि वांगणीत शिबिरं भरवणाऱ्या सगळ्या मंडळांना, संस्थांना एक विनंती. तुम्ही काठ्या देता, धान्य देता, साखर आणि रक्तदाब तपासता, त्याबद्दल हे गाव ऋणी आहे. पण आमच्या वस्तीत आलेल्या एकाही शिबिरात मी कान तपासताना पाहिले नाहीत. पुढच्या वेळी ऑडिओमीटर आणि तो चालवणारा तज्ज्ञ बरोबर आणा, रुळांपासून लांबची एखादी शांत खोली मागून घ्या, आणि शिबिर रविवारी ठेवा. इतर दिवशी ही माणसं गाडीत असतात.