ठेका धरणारा

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या दिवसांत नववीतील काही विद्यार्थी गिटार व ड्रम घेऊन सभागृहात सराव करीत होते. तो आवाज कानी पडताच एक पालक मला म्हणाले, "सर, शाळेत हा गोंगाट कशाला?" मी त्यांना त्या वेळी नीटसे उत्तर देऊ शकलो नाही. खरे उत्तर द्यावयाचे तर मला माझ्या एका अपराधाची हकीकत सांगावी लागली असती. ती आज सांगतो.

माझे बालपण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. वडील प्राथमिक शिक्षक होते, आणि मंडळीच्या कीर्तनात ढोलकी वाजवीत. कीर्तनकार बदलत, पेटीवाले बदलत, परंतु ढोलकीवर वडीलच असावयाचे. गावातील मुलांना शिकविताना ते वारंवार सांगत, "हात मारणे कोणालाही येते; हात उचलणे शिका." त्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षे कळला नाही.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात मला 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रज वाद्यवृंदाची एक कॅसेट मिळाली, आणि मी त्या संगीताच्या नादी लागलो. सुटीत ती घरी लावली, तेव्हा वडिलांनी दोन मिनिटांत ती बंद करविली. 'धांगडधिंगा' एवढा एकच शब्द ते बोलले.

त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. १९६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या या वृंदातील काहींना मादक पदार्थांपायी न्यायालयाची पायरी चढावी लागली होती, आणि त्याच्या संस्थापकांपैकी ब्रायन जोन्स हा १९६९ साली अवघ्या २७व्या वर्षी पोहण्याच्या तलावात मृत्यू पावला. त्यांच्या त्या वर्तनाचे गोडवे मी कधीही गाणार नाही. परंतु त्यांच्या संगीताचे मूळ निराळ्याच ठिकाणी होते. त्यांनी आपले नाव मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय गायकाच्या १९५० सालच्या एका गीतावरून घेतले होते. हा गायक मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यात राबलेला आणि १९४३ साली शिकागोस गेलेला. गुलामगिरीत पिचलेल्या त्याच्या समाजाने मळ्यांत काम करताना आणि उपासनेत जी गीते गाइली, त्यांची रीत आपल्या कीर्तनाहून फार दूरची नाही. एकाने हाक द्यावी आणि सर्वांनी ती उचलावी! सिस्टर रोझेटा थार्प ही बाई तर चर्चमधील गीते विजेच्या गिटारवर गाई, आणि रॉक संगीताच्या जननींत तिची गणना होते. हे सारे त्या काळी मला ठाऊक असते, तर कदाचित वडिलांशी उघडपणे बोलण्याचे धैर्य झाले असते.

परंतु मी बोललो नाही. मी खोटे बोललो. २००३ साली मी बी.एड.साठी मुंबईस होतो. ७ एप्रिल रोजी रोलिंग स्टोन्स ब्रेबोर्न स्टेडियमवर येणार अशी बातमी आली. वडिलांनी पुस्तकांसाठी पाठविलेल्या पैशांतून मी तिकीट काढले आणि पुस्तके घेतली असे घरी कळविले.

ती संध्याकाळ मला अजून आठवते. चर्चगेट स्थानकापासून आम्ही लोकांच्या लोंढ्याबरोबर चालत गेलो. एप्रिलचा उकाडा असह्य होता. माझी जागा इतकी मागे होती की, व्यासपीठावरील माणसे बोटाएवढी दिसत. माझ्या शेजारी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते. ते तिला म्हणाले, "यांना खरे पाहावयाचे ते चाळीस वर्षांपूर्वी!" मलाही क्षणभर वाईट वाटले. ज्यांची तारुण्यातील चित्रे मी जपली होती, त्यांपैकी गायक मिक जॅगर व गिटारवादक कीथ रिचर्ड्स आता ५९ वर्षांचे होते, आणि ड्रम वाजविणारे चार्ली वॉट्स ६१ वर्षांचे.

वाद्ये सुरू झाली आणि ते वाईट वाटणे कोठल्या कोठे गेले. जॅगर तरुणाला लाजविणाऱ्या वेगाने धावत होता. सारे मैदान त्याच्याकडे पाहत होते. परंतु काही वेळाने माझे लक्ष मागे बसलेल्या वॉट्स यांच्याकडे गेले, आणि मग तेथून हलेना. त्यांच्यापुढे ड्रमांचा मोठा पसारा नव्हता. अंगविक्षेप नाहीत, टाळ्यांची अपेक्षा नाही. पुढे चाललेला सगळा कल्लोळ त्या एका शांत मनुष्याच्या ठेक्यावर उभा होता. मला एकाएकी आमच्या देवळातील कंदिलाचा उजेड आणि ढोलकीवर वाकलेले वडील दिसू लागले. मग मात्र पुढचे संगीत मला सुखाने ऐकवेना.

मे महिन्यात घरी गेलो आणि सर्व कबूल केले. वडील रागावले नाहीत. दिवसभर बोललेच नाहीत, आणि तेच मला अधिक जड गेले. रात्री अंगणात बाजेवर बसून त्यांनी विचारले, "ठेका कोण धरीत होते?" मी जे पाहिले ते सांगितले. ते ऐकून म्हणाले, "पैशाचे ते पैशाने फेड. आणि पुढल्या खेपेस ती कॅसेट घेऊन ये."

पहिल्या पगारातून मी ते पैसे फेडले, आणि कॅसेटही नेली. वडिलांनी डोळे मिटून एक गाणे ऐकले, पुन्हा लावावयास सांगितले आणि म्हणाले, "हा मनुष्य मध्येच हात उचलतो."

मला त्यातले काही कळले नव्हते. पुढे कित्येक वर्षांनी जाणकारांनी केलेले वर्णन वाचले. चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेला मुख्य ड्रमवर आघात पडतो. बहुतेक वादक त्याच क्षणी दुसऱ्या हाताने झांजेवरही काठी मारतात. वॉट्स मात्र तेवढ्यापुरता झांजेवरील हात उचलून घेत, म्हणजे ड्रमचा आघात एकटा व स्वच्छ ऐकू येई. ज्यांनी जन्मात असले वाद्य पाहिले नव्हते, त्या खेडेगावच्या ढोलकीवाल्याने ते केवळ कानाने ओळखले होते!

वडील २०१५ साली प्रभूकडे गेले. २४ ऑगस्ट २०२१ रोजी वॉट्स वारल्याचे वाचले, तेव्हा मी ती जुनी कॅसेट काढून हातात घेतली. शेजारच्या त्या गृहस्थांचे म्हणणे आता मला पटत नाही. धावण्याला तारुण्याचा भर असेल. ठेक्याचा भर मी त्या रात्री पाहिला, आणि त्याला चाळीस वर्षे लागली होती.

तेव्हा पालकांना माझी विनंती एवढीच की, गोंगाट म्हणण्यापूर्वी माझ्या वडिलांप्रमाणे एक गाणे दोनदा ऐकावे. आणि विद्यार्थिमित्रहो, आवडत्या गोष्टीसाठी घरी खोटे बोलू नका. मी बोललो, आणि अर्धी मैफल त्या खोट्याने खाल्ली. सभागृहात सराव अवश्य करा. मी मागच्या बाकावर बसून ऐकेन, आणि तुमच्यापैकी हात कोण उचलतो ते पाहीन.