वाकडी पाती

एटीआर ७२ या पंख्याच्या विमानात खिडकीजवळची जागा मिळाली, की हात मोबाइलकडे जातोच. नुसत्या डोळ्यांना दिसते ती करडी, आरपार चकती. पडद्यावर मात्र पाती कोयत्यासारखी वाकलेली, एकीकडे जाडजूड, दुसरीकडे बारीक आणि दाटीवाटीची. एखादा तुकडा तर पंख्यापासून सुटून अधांतरी! शेजारचा प्रवासी ते पाहून पट्टा आवळतो, त्यात त्याची काय चूक?

कॅमेरा खोटं बोलतो म्हणावं, तर डोळ्यांना दिसणारी चकती तरी कुठे खरी असते? मोबाइलचा सेन्सर अख्खं दृश्य एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. या वाचनाला सेकंदाचा तिसावा भाग लागला असं धरू. उड्डाणाच्या वेळी एटीआरचा सहा पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्या घेतो, म्हणजे तेवढ्यात दोन तृतीयांश फेरी उरकलेली असते. वाचनाच्या दिशेनं धावणारं पातं ओळीमागून ओळीत सापडत राहतं आणि फुगतं. समोरून येणारं झटकन निसटतं. भर उन्हात प्रत्येक ओळ क्षणभरच उजेड घेते, म्हणून हा वाकडेपणा रेखीव उमटतो. संध्याकाळी सगळंच पुसट.

म्हणजे ज्याला आपण एक क्षण म्हणतो, त्या फोटोच्या कपाळाची आणि पायाची वेळ वेगळी. फ्रान्सच्या छायाचित्रकार झाक आंरी लार्तिगनं १९१२-१३च्या सुमारास शर्यतीतली मोटार टिपली, तेव्हा शटरची फट अशीच सरकत होती. चाक लंबगोल होऊन पुढे झेपावलं, कडेचे प्रेक्षक मागे कलले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९६३ साली त्याचं प्रदर्शन भरवलं, तोवर स्वारी सत्तरीला टेकली होती.

खरी गंमत त्याही आधीची. थिसॉरसमुळे पुढे घरोघरी पोचलेल्या डॉ. पीटर मार्क रोझेनं १८२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. उभ्या फटींच्या कुंपणाआडून गाडी गेली, की चाकाचे आरे वाकलेले का दिसतात? हाताशी कॅमेरा नव्हताच. फटी आणि डोळा एवढ्यावरच भागलं.

सोनीनं २०२३ मध्ये सगळी चौकट एकाच वेळी टिपणारा कॅमेरा जाहीर केला. त्यात पाती सरळ येतात. विमान ढगांवर, आणि पंखा मात्र बंद पडल्यासारखा जागच्या जागी. यातला खरा फोटो कोणता, ते तज्ज्ञ ठरवोत. भिंतीवर लावायचा झाला, तर मी वाकड्या पात्यांचाच लावीन.